पुराआधीचा पैसा गावाला मिळवायचा असेल तर आधी कोणाकोणाला एका सतरंजीवर बसवावं लागते

आपल्याकडे पंचनामा सगळ्यांना कळते. घर पडलं, ढोरं वाहून गेली, वीज पडून माणूस गेला की तलाठ्याकडे धावायचं, मेलेल्याच्या वारसाला ४ लाख मिळतात, हे पानठेल्यावर बसलेलं पोट्टंही सांगते. पण पूर यायच्या आधीसाठीही शासनाकडे पैसा असते, म्हणजे बोट, दोर, लाईफ जॅकेट, भोंगा, निवाऱ्याच्या खोलीची दुरुस्ती, पोरापोरींचं ट्रेनिंग यासाठी, आणि तो गाव मागू शकते हे लय कमी गावात माहीत आहे. ज्यांना माहीत आहे त्यांचेही प्रस्ताव पंचायत समितीच्या नाहीतर तहसीलच्या टेबलावर अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असते. कागदावर सरपंच आणि सचिवाची सही असते, पण पुराच्या रात्री ज्यांना खरंच पळायचं आहे त्यांचं नाव कुठंच नसते.

मी बचत गटाच्या कामानं गावोगाव फिरते, ग्रामसंघाच्या बायांसोबत गावाच्या आराखड्याच्या बैठकांना बसते, म्हणून हे लिहून ठेवतेय. एखाद्या सरपंचताईला, पोलीस पाटलाला, सचिवाला किंवा नुसत्या धडपड्या पोराला कामी यावं म्हणून.

पैसा कुठं असते ते आधी

१५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी राज्याच्या आपत्ती निधीचे भाग पाडून दिले. एकूण १०० रुपये धरा, त्यातले ८० प्रतिसादाचे आणि २० जोखीम कमी करायचे म्हणजे सौम्यीकरणाचे. त्या ८० मधले ४० मदत आणि बचावाला, ३० पुन्हा उभारणीला आणि १० पूर्वतयारी आणि क्षमता बांधणीला. आपला विषय म्हणजे ते शेवटचे १० आणि सौम्यीकरणाचे २०. सौम्यीकरणाच्या निधीबद्दल तर स्पष्ट लिहिलेलं आहे की तो गाव पातळीच्या, लोकांच्या सहभागाच्या कामांसाठी आहे, मोठ्या नदीची भिंत बांधायची असेल तर ती नेहमीच्या योजनेतून बांधा. २०२६ नंतरच्या काळासाठी प्रस्ताव करत असाल तर टक्के त्या वेळच्या चालू जीआरमधूनच घ्या, जुन्या फाईलवरून उतरवू नका.

दुसरी जागा म्हणजे गावाचा स्वतःचा आराखडा, जीपीडीपी, आमचं गाव आमचा विकास. वित्त आयोगाच्या पैशातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेला जाते, अबंधित भागातून गावाच्या गरजेचं काम घेता येते. पंचायती राज मंत्रालयानं मार्च २०२२ मध्ये जो आपत्ती व्यवस्थापन आराखडा काढला त्याचाही भर यावरच आहे की आपत्तीचं नियोजन गावापासून सुरू व्हावं आणि जीपीडीपीत यावं. तिसरी जागा जिल्हा नियोजन समिती. चौथी, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली अशा खाणींच्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान. पाचवी कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजाच्या कामासाठी द्यायचा पैसा, कारण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापन हा विषय आहे. पेसा कायद्याच्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या, गावात ५ टक्के अबंध निधी आहे तो वेगळा.

जागा पाच असोत की सात, प्रत्येक जण फिरून फिरून तेच विचारते, यात सोबत कोण आहे, आणि वस्तू आल्यावर सांभाळणार कोण. म्हणून पैशाच्या मागं पळायच्या आधी माणसं गोळा करा असं मी सगळीकडे सांगते.

सगळ्यांना सोबत घेणं ही अट का आहे

बऱ्याच लोकांना वाटते साहेब उगाच कागद वाढवतात. तसं नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाच तसा बांधलेला आहे. कलम २५ मध्ये जिल्हा प्राधिकरण आहे, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद अध्यक्ष. एसपी आणि जिल्ह्याचे आरोग्य अधिकारीही त्यात असतात. कलम ३१ म्हणते की जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून बनवायचा आणि दरवर्षी तपासून सुधारायचा. कलम ४१ तर सरळ ग्रामपंचायतीसारख्या संस्थांवरच जबाबदारी टाकते, आपली माणसं शिकवून ठेवा, साधनं अशी ठेवा की वेळेवर हाती लागतील. म्हणजे तुमचं गाव जिल्ह्याच्या आराखड्यात काही घालायला सांगते तेव्हा ते कोणाच्या मेहरबानीनं होत नाही, कायद्यानंच तशी जागा ठेवलेली आहे. बैठकीत हे कलम वाचून दाखवा, ग्रामपंचायतीचे मेंबर थोडे ताठ बसतात, मी पाहिलंय.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडचे पूर बघा. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातलं मोवाड एका सकाळीत उद्ध्वस्त केलं, २०४ माणसं गेली. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा पाणी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं, मग गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडावी लागली, आणि भंडारा, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीकडची गावं पाण्यात गेली. जुलै २०२३ मध्ये यवतमाळच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक अडकले आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. यात एकही पूर असा नाही की जो एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत आला आणि तिथंच थांबला. वरच्या धरणाचा अभियंता, खालचं गाव, लाईनमन, डॉक्टर, सगळे एकाच पाण्यात असतात. मग प्रस्तावात एकटी ग्रामपंचायत कशी पुरेल.

कोणाला बोलवायचं

अधिकाऱ्यांची यादी सगळे आधी करतात. मी उलटी सुरुवात करायला सांगते. गावात पाणी घुसल्यावर पहिल्या दोन तासात कोण हजर असते ते लिहा. साहेब नसतात, ते रस्ता बंद म्हणून तालुक्यालाच अडकलेले असतात. हजर असते पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, अंगणवाडीताई, ढिवर समाजाचे डोंगा चालवणारे, ट्रॅक्टरवाला, जेसीबीवाला, किराणा दुकानदार, राशन दुकानदार, पाण्याच्या टाकीचा शिपाई, व्यायामशाळेची पोरं. ही झाली पहिली यादी. यांची नावं, घर कुठं आणि मोबाईल नंबर.

दुसरी यादी त्यांची ज्यांना वाचवायचं आहे. ही आशाताईकडे जवळपास तयारच असते. कोणत्या बाईची बाळंतपणाची तारीख जुलै ते सप्टेंबरमध्ये आहे, कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोणाला दिसत नाही, कोण एकटं राहते. गडचिरोली, मेळघाटाकडे काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, दिवस भरत आलेल्या बाया तिथं आधीच जाऊन राहू शकतात, मग ते प्रस्तावात लिहा की अमुक तारखेच्या आत इतक्या बायांना तिथं पोचवू आणि गाडी कोणाची. गावाबाहेरच्या वस्त्या हमखास सुटतात. तांडा, पारधी बेडा, विटाभट्टीवरची माणसं, नाल्याकाठी पाल ठोकून राहणारे. मतदार यादीत नाव नाही म्हणून पाणी त्यांना सोडत नाही. त्यांच्यातला एक तरी माणूस, शक्यतो एक बाई, बैठकीत असलीच पाहिजे आणि बोललीच पाहिजे.

तिसरी यादी खात्यांची. तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे), सचिव (आता ग्रामपंचायत अधिकारी), महावितरणचा लाईनमन आणि त्याच्या वरचा कनिष्ठ अभियंता, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, मुख्याध्यापक, पोलीस ठाण्याचा बीट जमादार, जंगल असेल तर वनरक्षक, पशुवैद्यकीय दवाखाना, बांधकामचा अभियंता कारण रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) त्याचा, आणि धरण किंवा तलाव वर असेल तर पाटबंधारेचा शाखा अभियंता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलाव (जुने माजी मालगुजारी तलाव) गावाच्या डोक्यावरच असते, तर तो तलाव जिल्हा परिषदेचा की पाटबंधारेचा हे आधी विचारून घ्या, नाहीतर पाळ फुटायची भीती एका खात्याला कळवाल आणि ते दुसऱ्याकडे बोट दाखवतील.

चौथं, आणि हे कोणीच करत नाही, शेजारची गावं. वरच्या अंगाचं एक आणि खालच्या अंगाचं एक. वरच्या गावाचा फोन आला की तुम्हाला वेळ मिळते, तुमचा फोन गेला की खालच्यांना मिळते. दोन तीन ग्रामपंचायतींनी मिळून एक बोट मागितली तर प्रस्तावाचं वजनही वाढते.

बैठक कशी घ्यायची

समाजमंदिरात घ्या, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून घेऊ नका, खुर्च्या मांडल्या की बोलणारे चार जण आणि ऐकणारे बाकी. सतरंजी टाका, मधात जागा ठेवा आणि रांगोळीनं नाहीतर खडूनं फरशीवर गाव काढा, नदी, नाला, रपटा, शाळा, मंदिर, डीपी, हातपंप. मग विचारा, मागच्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. इथून पुढं तुम्हाला काही बोलावं लागत नाही, म्हाताऱ्या बायाच उठून फरशीवर बोट ठेवतात.

वैनगंगेच्या काठच्या एका गावातली गोष्ट सांगते. बोट मागायचीच होती, सगळ्यांचं ठरलेलं होतं, कोटेशनही आणलेलं होतं. सगळे हो हो करत असताना मागं भिंतीला टेकून बसलेला एक डोंगेवाला काका म्हणाला, "बोट देता ते बराबर हाय जी, पण नाल्याच्या तोंडाजवळ तारा किती खाली हायेत पायलं का? पानी चढलं का तारा हाताले लागतेत. लाईन बंद कोन करन, ते सांगा पयले." हॉलमध्ये एकदम शांत. लाईनमन तिथंच बसलेला होता. त्यानं सांगितलं की फिडर, म्हणजे गावाकडची वीजलाईन, बंद करायचं ते सबस्टेशनवरून, आणि त्याच्या एकट्याच्या सांगण्यानं ते होत नाही, वरच्या साहेबांचा होकार लागते. मग पोलीस पाटलानं विचारलं की रात्री दोनला तो होकार कोणाकडून घ्यायचा. तिथंच बसून कनिष्ठ अभियंत्याला फोन लागला, स्पीकरवर ठेवला, आणि ठरलं की पाणी रपट्याच्या अमुक खुणेला लागलं की पोलीस पाटील सबस्टेशनला फोन करतील, सबस्टेशनचा नंबर समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवायचा आणि पावसाळ्याआधी त्या तारा ताणून वर घ्यायच्या. हे सगळं त्या प्रस्तावात गेलं, बोटीच्या ओळीच्या खालीच. मी म्हणते, असा प्रस्ताव वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळते की हे गाव नुसती वस्तू मागत नाही.

त्याच बैठकीत शाळेच्या चावीचंही निघालं. निवारा म्हणून शाळा लिहिलेली, आणि चावी गुरुजींकडे, गुरुजी राहतात तालुक्याला. दुसरी चावी अंगणवाडीताईकडे ठेवायचं ठरलं, गुरुजींनी तसं दोन ओळीचं पत्र दिलं. निवाऱ्यात बायांसाठी संडास कुठं, हा प्रश्न मात्र बायांनीच काढला, पुरुषांपैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता, आणि शाळेचा संडास दुरुस्त करायचं काम त्यामुळं अंदाजपत्रकात आलं. म्हणून ग्रामसभेआधी महिला सभा घ्या, नुसती रजिस्टरवर नको, खरोखर घ्या.

बैठकीत एक तक्ता भरायचा. खूप रकाने नकोत. काम कोणतं, करणार कोण, तो नसला तर दुसरा कोण, कशानं करणार, आणि कधी सुरू करणार. "वेळ पडल्यास" असं कधी लिहू नका, खूण लिहा. रपट्याच्या खांबावर लाल पट्टा मारा, पाणी पट्ट्याला लागलं की तांड्यावरचे लोक निघणार, असं. दवंडी कोण देणार, मंदिराचा भोंगा कोण लावणार, लाईट गेली तर भोंग्याला बॅटरी आहे का. वीज पडण्याचंही तसंच. रोवणीच्या दिवसात बांधीत बाया असतात, मोबाईल घरी असते, मग दामिनी ॲप (पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलेलं) कोणाच्या मोबाईलमध्ये आहे आणि इशारा आला की वावरात निरोप कसा पोचणार, हे लिहा. वीज अटकाव यंत्रणा मागत असाल तर ती किती अंतरापर्यंत कामाची ते तांत्रिक माणसाकडून लिहून घ्या, एका खांबानं अख्खं शिवार सुरक्षित होत नाही.

सहकार्याची पत्रं

इथं सगळ्यात जास्त फाईली कच्च्या राहतात. एकच मजकूर टाईप करून दहा झेरॉक्स काढायच्या आणि दहा ठिकाणी शिक्के मारून आणायचे, "आमचे पूर्ण सहकार्य राहील." अशा पत्राला काही अर्थ नाही, छाननी करणारा माणूस ते एका नजरेत ओळखते. प्रत्येकाचं पत्र वेगळं पाहिजे आणि त्यात त्यानं कबूल केलेलं एक नेमकं काम पाहिजे.

जसं मच्छीमार सहकारी संस्थेचं असं घ्या: "आमच्या संस्थेचे खालील चार सभासद पोहण्यात व डोंगा चालवण्यात तरबेज असून पूर परिस्थितीत गावच्या शोध व बचाव पथकात काम करण्यास तयार आहेत. संस्थेचे दोन डोंगे १ जून ते ३० सप्टेंबर या काळात पोलीस पाटील यांच्या सूचनेनुसार उपलब्ध राहतील." खाली चार नावं, सह्या. आणि त्याच्या समोर ग्रामपंचायतीनंही लिहून द्यायचं की त्या दिवसांचा रोज किती देऊ, डोंग्याचं नुकसान झालं तर भरपाई कशी करू. गरिबाकडून फुकट जीव धोक्यात घालायचं पत्र घेऊ नका, हे मला मनापासून सांगायचं आहे. ढिवर बांधव पिढ्यानपिढ्या पुरातून माणसं काढत आले, नंतर सत्काराच्या स्टेजवर मात्र दुसरेच दिसतात.

ट्रॅक्टर आणि जेसीबीवाल्याकडून दर आणि डिझेल कोण टाकणार ते. किराणावाल्याकडून उधारीवर किती दिवसांचं धान्य देईल ते. आरोग्य केंद्राकडून क्लोरीन, ओआरएस आणि सापाच्या लसीचा साठा कुठल्या तारखेला बघणार ते. पाटबंधारेकडून विसर्गाचा मेसेज कोणत्या तीन नंबरवर येईल ते. बचत गटांकडून निवाऱ्यात स्वयंपाक कोण करेल, भांडी कोणाची. खात्याचा माणूस "वरून परवानगी लागते" म्हणाला तर वाद घालत बसू नका, गटविकास अधिकारी किंवा तहसीलदारांना विनंती करा की मान्सूनपूर्व आढावा बैठकीत हा विषय घ्यावा, तिथल्या इतिवृत्तात आलं तर ते इतिवृत्तच जोडा, पत्रापेक्षा भारी काम करते.

ग्रामसभेचा ठराव

तक्ता आणि पत्रं झाल्यावर ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या सभा आहेतच, त्यातली २ ऑक्टोबरची सगळ्यात कामाची कारण तिथूनच पुढच्या वर्षीच्या आराखड्याची मोहीम सुरू होते. नोटीसीत विषय आधीच लिहा, ऐनवेळच्या विषयात घालू नका. गणपूर्ती बघा, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो. पेसा क्षेत्रात गट ग्रामपंचायतीची एक सभा घेऊन भागवू नका, तिथं प्रत्येक गावाची, टोल्याची ग्रामसभा स्वतंत्र असते, ठरावही वेगवेगळे जोडा.

ठराव असा काहीसा: "गावातील पूर व वीज पडण्याचा धोका विचारात घेऊन सोबत जोडलेला ग्राम आपत्ती व्यवस्थापन आराखडा ही सभा मंजूर करते. ग्राम आपत्ती व्यवस्थापन समितीत खालील सदस्य असतील. मागणी केलेले साहित्य ग्रामपंचायतीच्या साठा नोंदवहीत घेतले जाईल, त्याची देखभाल समिती करेल व वार्षिक देखभाल खर्चाची तरतूद ग्रामनिधीतून केली जाईल." ही शेवटची ओळ विसरू नका. माझ्या ओळखीच्या एका गावाचा प्रस्ताव फक्त याच ओळीसाठी परत आला होता, तोवर मार्च उलटला आणि वर्ष गेलं.

समितीत सरपंच अध्यक्ष ठेवा, ते ठीकच आहे, पण बोलावणारा माणूस म्हणजे निमंत्रक असा नेमा जो गावातच राहते आणि ज्याच्याकडे रात्री दार ठोठावता येते. समितीत निम्म्या बाया घ्या. राजकारणाच्या दोन्ही पार्ट्यांची माणसं घ्या. एका पार्टीची समिती झाली की पुढच्या निवडणुकीनंतर बोट कोणाच्या कोठ्यात कुलूपबंद होते ते विचारूच नका.

फाईल कुठून कुठं जाते

वरून खाली क्रम असा लावा: एक पानाचं पत्र, गावाचा नकाशा, आधीच्या आपत्तींची माहिती (तहसीलातून पंचनाम्याच्या नकला मिळतात, त्या जोडा), तक्ता, सहकार्याची पत्रं, ठराव, अंदाजपत्रक, जागा लागत असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सातबारा, आणि लागतील ती नाहरकत प्रमाणपत्रं. बांधकाम असेल तर तांत्रिक मान्यता आधी, मग प्रशासकीय मान्यतेसाठी. साहित्य असेल तर कोटेशन जोडा पण कंपनीचं नाव घालून मागणी करू नका, क्षमता लिहा, किती माणसांची बोट, किती मीटर दोर.

एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे, एक तहसीलदारांकडे, आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे. तिथं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी असतात, त्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटा, तक्ता समोर ठेवा. आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय कुठंच कागद सोडू नका. जिल्हा नियोजनातून पैसा पाहिजे असेल तर पुढच्या वर्षीचा आराखडा दिवाळीच्या आसपास ते जानेवारीपर्यंत जुळत असते, मे महिन्यात गेलात तर उशीर झालेला असते. आमदार, जिल्हा परिषद सदस्य यांचं शिफारस पत्र घ्या, पण ते शेवटी लावा, फाईलचा पाया तक्ता आणि ठराव हाच राहू द्या.

ट्रेनिंगसाठी वेगळी मागणी करा, यात पैसा कमी आणि फायदा मोठा. नागपूरला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमीही नागपूरलाच आहे. गावात प्रात्यक्षिक घ्यायचं असेल तर जिल्हा कक्षामार्फतच लिहा. आपदा मित्र या स्वयंसेवकांच्या योजनेत गावची पोरं आणि पोरी घालता येतात का ते तिथंच विचारा, त्यात १२ दिवसांचं प्रशिक्षण असते. पाठवताना तीच नावं पाठवा जी तक्त्यात आहेत. सर्टिफिकेटसाठी पुण्याला कामाला असलेल्या पुतण्याचं नाव घातलं तर पुराच्या दिवशी तो पुण्यातच असेल.

पैसा आल्यावर

खरेदीच्या दिवशी समितीतले तीन जण हजर ठेवा, त्यात डोंगेवाला एक. लाईफ जॅकेट घालून पाण्यात उतरून बघा, साईज बघा, बायांच्या अंगाला आणि लेकरांच्या अंगाला येणारी आहेत का. सगळी मोठ्या पुरुषांच्या मापाची येतात आणि मग लेकराला दोरीनं बांधावं लागते. साठा नोंदवहीत नोंद, फोटो, वस्तूवर गावाचं नाव पेंटनं. खर्च झाला की विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर लागला त्याचा दाखला, लगेच पाठवा, ते राहिलं की पुढच्या वर्षी तुमच्या गावाचं नाव निघालं की पहिलं तेच विचारतात.

मग दर मे महिन्यात, तेंदूपत्ता संपून लोक घरी आले की, एक सराव घ्या. पूर्ण गाव नको, फक्त तक्त्यातली माणसं. रात्री आठला भोंगा, डोंगेवाले किती मिनिटात नाल्यावर येतात, शाळेचं कुलूप उघडते का, जनरेटर सुरू होते का, सबस्टेशनचा नंबर लागते का. ज्याचा नंबर बदलला त्याचा नवा लिहा, जो गाव सोडून गेला त्याच्या जागी दुसरा घ्या. १ जूनच्या आत सुधारलेल्या तक्त्याची एक प्रत तहसीलच्या नियंत्रण कक्षात द्या, एक आरोग्य केंद्रात, एक वरच्या आणि एक खालच्या गावात, आणि एक पोलीस पाटलाच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर, १०८ आणि ११२ त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहून.